व्हीआर हेडसेट घरात आलाय, आधी कुठला गेम लावायचा?

घेतलेला व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात शिरायचं यंत्र, महिन्याभरात कपाटात गेला, असं अनेकांच्या घरी होतं. बहुतेकदा कारण एकच असतं. पहिल्याच दिवशी यूट्यूबवर गाजलेला, झोंब्यांमागे पळायचा एखादा गेम लावला जातो, दहा मिनिटांत पोट ढवळायला लागतं आणि 'आपल्याला हे झेपत नाही' असं ठरून जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्याच माणसाला दुसरा गेम लावून दिला असता तर तो तासभर हेडसेट काढायला तयार झाला नसता.

मी जुळे सोलापुरात राहते. नात्यातले, शेजारचे, भावाचे मित्र, असे बरेच जण पहिल्यांदा हेडसेट घालतात ते आमच्या हॉलमध्ये. त्यांना खेळताना बघून आणि स्वतः खेळून माझं एक मत पक्कं झालंय. गेम किती भारी आहे हे नंतर बघा, आधी तो तुम्हाला कसा हलवतो ते बघा. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलंय.

हेडसेट: थोडक्यात

मोबाइल खोचायचे प्लास्टिकचे डबे यासाठी घेऊ नका. मान कुठे वळली एवढंच त्यांना कळतं. तुम्ही पुढे झुकलात, खाली बसलात, एक पाऊल बाजूला सरकलात, हे त्यांच्या गावीही नसतं आणि हात तर दिसतच नाहीत. मॉलमध्ये किंवा जत्रेत खुर्चीवर बसवून रोलर कोस्टर दाखवतात, त्यावरूनही मत बनवू नका. पहिला अनुभव म्हणून त्याच्याइतकी वाईट निवड नाही. का ते पुढे सांगते.

आज नव्याने घेणाऱ्यासाठी मेटाचे (फेसबुकवाल्या कंपनीचे) क्वेस्ट ३ (२०२३) आणि क्वेस्ट ३एस (२०२४) हे दोन सरळ पर्याय. दोन्हीत चिप तीच असल्यामुळे गेमही तेच चालतात. फरक भिंगांचा आणि स्क्रीनचा. क्वेस्ट ३ला पॅनकेक भिंगं (पातळ, कडेपर्यंत स्पष्ट दाखवणारी) आणि प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ × २२०८ पिक्सेल, तर ३एसला जुन्या क्वेस्ट २सारखी फ्रेनेल भिंगं (गोल चकत्यांच्या रेघा असलेली) आणि १८३२ × १९२० पिक्सेल. बारीक अक्षरं वाचायची, कोडी सोडवायची आवड असेल तर पैसे जमवून ३ घ्यावा. नाचायचं, मारायचं, घाम काढायचा असेल तर ३एस पुरे. घरात पीएस ५ हे गेम खेळायचं यंत्र असेल तर सोनीचा पीएसव्हीआर २ आहेच. ओएलईडी स्क्रीनमुळे त्यातला काळोख खरा काळा दिसतो, पण वायर पायात येते. सेकंडहँड क्वेस्ट २ स्वस्तात मिळाला तर सुरुवातीला चालेल. मात्र 'बॅटमॅन: अर्कम शॅडो'सारखे नवे गेम त्यावर चालत नाहीत, हे माहीत असू द्या.

ऑनलाइन घ्या की नव्या पेठेतल्या दुकानातून, एक गोष्ट लेखी विचारा. वॉरंटी कंपनीची की विकणाऱ्याची, आणि हातात धरायचा कंट्रोलर बिघडला तर पार्सल कुठे पाठवायचं? आयात करून विकलेल्या मालात हा प्रश्न नेहमी येतो.

खोली: इथे घाई नको

उभं राहून खेळायचे गेम एका जागी चालतात, पण हात पसरायला आणि एखादं पाऊल टाकायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जमीन लागते. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय बाहेर ठेवला की तेवढी होते. हेडसेट घातल्यावर कंट्रोलरने जमिनीवर सीमा आखायची असते. तिच्याजवळ गेलात की समोर जाळी दिसते. ही सीमा भिंतीपासून वीतभर आत आखा. जाळी दिसेपर्यंत हात वेगात पुढे गेलेला असतो आणि तेव्हा तो थांबत नाही.

त्यानंतर वर बघा. आपल्याकडे सीलिंग फॅन खोलीच्या बरोबर मधोमध असतो आणि मोकळी जागाही नेमकी तिथेच असते. टाचा उंच करून कंट्रोलरसकट हात वर करा आणि पात्याला किती अंतर उरतं ते बघा. पत्र्याच्या घरात किंवा माळ्याखालच्या खोलीत फॅन खाली लटकतो, तिथे तो बंदच ठेवा. त्याऐवजी टेबल फॅन किंवा कूलर समोरच्या भिंतीशी ठेवा. याचे दोन फायदे आहेत. घाम कमी येतो, आणि वाऱ्यामुळे चेहऱ्याला सतत कळत राहतं की खोलीचं 'समोर' कुठे आहे. मळमळ होणाऱ्यांना याने चांगलाच आराम पडतो. फक्त कूलरची दमट हवा थेट भिंगांवर आली तर ती धुरकटतात. अशा वेळी हेडसेट आधी दोन मिनिटं चालू करून ठेवा, भिंगं कोमट झाली की धुकं जातं.

पायाखाली मधोमध एक छोटं पायपुसणं टाका, न घसरणारं. डोळे झाकलेले असले तरी तळव्याला कळतं की आपण मध्यावरून सरकलो. हा बिनखर्चाचा उपाय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. सीमेच्या जाळीपेक्षा पाय लवकर सांगतो.

उजेड हवाच. हेडसेटचे कॅमेरे खोली बघून आपली जागा ठरवतात, अंधारात ते गडबडतात. ट्यूबलाइट उत्तम. मोठा आरसा लावलेलं कपाट असेल तर त्यावर चादर टाका, कारण आरशातलं प्रतिबिंब कॅमेऱ्याला फसवतं. दिवाळीत लाइटच्या माळा लावलेल्या खोलीत हात अचानक भलतीकडे उडायला लागले तर कंट्रोलर बिघडलाय असं समजू नका. ते ठिपके कॅमेऱ्याला कंट्रोलरच्या दिव्यांसारखे वाटतात. माळ बंद केली की सगळं ठीक.

कंट्रोलरचा पट्टा मनगटात घातल्याशिवाय कोणालाही खेळू देऊ नका. समोर टीव्ही असेल तर अजिबातच नाही.

डोक्यावर नीट बसवणं

धूसर दिसतंय अशी तक्रार आली की नव्वद टक्के वेळा हेडसेट कपाळावर वर सरकलेला असतो. आधी डोळ्यांवर ठेवा, मागचा पट्टा कवटीच्या फुगवट्याखाली जाऊ द्या, मग वरचा पट्टा ओढा. दोन बाहुल्यांमधलं अंतर चष्म्याच्या दुकानात मोजून मिळतं, तेवढं भिंगांचं अंतर ठेवा. क्वेस्ट ३ला त्यासाठी चाक आहे, ३एस आणि क्वेस्ट २ला तीन खाचा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. मोठ्या माणसांचं अंतर साधारण ६३च्या आसपास असतं, पण घरातल्या प्रत्येकाचं वेगळं. माणूस बदलला की खाच बदला. डोकं दुखण्याचं हे एक मोठं कारण असतं आणि ते फुकटात दूर होतं.

मळमळ का होते

कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग वेगातला बदल ओळखतो. डोळे सांगतात 'आपण वळलो, पळालो', कान सांगतो 'आपण तर फरशीवर उभे आहोत', आणि या भांडणात पोट बिघडतं. म्हणून रोलर कोस्टर वाईट. त्यात डोळ्यांना सतत वळणं आणि घसरणी दिसतात आणि अंगाला त्यातलं काहीच जाणवत नाही. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसलं की तुम्हाला गरगरतं का? गरगरत असेल तर इथेही थोडं जपून चाला. गरगरत नसेल तरी पहिला आठवडा जपूनच.

गेम तुम्हाला तीन प्रकारे हलवतात. पहिला प्रकार: तुम्ही जेवढे हलाल तेवढंच जग हलतं. दुसरा: बटण दाबून एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात जायचं, म्हणजे टेलिपोर्ट. तिसरा: अंगठ्याने कंट्रोलरवरची काडी ढकलायची आणि उभ्या जागी चालायचं, पळायचं. पहिल्याने जवळपास कोणालाच त्रास होत नाही, दुसऱ्याने थोड्यांना होतो, तिसऱ्याने नवख्यांपैकी पुष्कळांना. मेटाच्या स्टोअरवर गेमच्या पानावर तो अंगाला कितपत सोसेल याच्या तीन पायऱ्या दिलेल्या असतात: सोपा, मध्यम, तीव्र. किंमत बघण्याआधी ती ओळ बघा.

कपाळावर गार घाम आला, तोंडात पाणी सुटलं, जांभया यायला लागल्या की लगेच हेडसेट काढा. 'अजून पाच मिनिटं, सवय होईल' हा सल्ला पूर्ण चुकीचा आहे. रेटत राहिलात तर मेंदू हेडसेट आणि मळमळ यांची गाठ मारतो आणि दुसऱ्या दिवशी नुसता पट्टा हातात घेतला तरी नकोसं वाटतं. थांबा, पाणी प्या, आलेपाक चघळा, पुढचा डाव उद्या. थोडं थोडं खेळत गेलं की बहुतेकांचं शरीर शिकतं.

पहिला आठवडा: उभ्या जागी

'बीट सेबर'पासून सुरुवात करा. प्रागच्या एका छोट्या स्टुडिओने २०१८मध्ये आणलेला हा गेम अजूनही माझ्या मते व्हीआरचा सगळ्यात चांगला पहिला गेम आहे. हातात लाल आणि निळी अशा दोन प्रकाशाच्या तलवारी, समोरून तालावर येणारे ठोकळे, प्रत्येकावर बाण. त्या दिशेने कापायचं. समजावून सांगायला अर्धं मिनिट लागतं. नवखे मनगटाने टिचक्या मारतात, ठोकळे कापले जातात, पण गुण येत नाहीत. इथे एक गुपित आहे. ठोकळ्याला जास्तीत जास्त ११५ गुण असतात. त्यातले ७० कापण्याआधी तलवार किती लांबून आणली याचे, ३० कापल्यानंतर ती किती पुढे नेली याचे, आणि फक्त १५ बरोबर मध्यावर कापल्याचे. म्हणजे हात खांद्यातून मोकळा फिरवायचा. हे कळलं की खेळ नाचासारखा वाटायला लागतो. 'ईझी'वर दोन गाणी झाली की 'नॉर्मल'वर या. खरी गंमत 'हार्ड'पासून आहे. हात गोंधळत असतील तर 'नो फेल' लावून घ्या, म्हणजे चुकलं तरी गाणं थांबत नाही, त्यात काही कमीपणा नाही. माझी एकच नाराजी: आवडीच्या गाण्यांचे संच वेगळे विकत घ्यावे लागतात आणि तो खर्च हळूहळू वाढतो.

दुसरा 'सुपरहॉट व्हीआर'. यात तुम्ही हलाल तेव्हाच वेळ पुढे सरकतो. स्थिर राहिलात की गोळीसुद्धा हवेत थांबते. तुम्ही मान तिरकी करून तिला बाजूने जाऊ देता, टेबलावरची बाटली उचलता, फेकता. व्हीआरशिवाय हा अनुभव इतका अंगात भिनणं शक्य नाही. मात्र यात माणसं खरोखर वाकतात, झेपावतात आणि भिंतीला ठोसे मारतात, तेव्हा सोफा आणखी थोडा मागे ढकला. गोष्ट विसरण्यासारखी आहे, पण खेळण्याची पद्धत विसरता येत नाही.

ज्यांना मारामारी नको त्यांच्यासाठी 'जॉब सिम्युलेटर'. २०५० सालातले यंत्रमानव 'पूर्वी माणसं नोकऱ्या कशा करायची' याचा भलताच अंदाज बांधून तुम्हाला स्वयंपाकी, दुकानदार, मेकॅनिक, ऑफिसातला कर्मचारी बनवतात. दिसेल ते उचलता येतं, फेकता येतं, उकळत्या पातेल्यात टाकता येतं. शेजारच्या काकूंना मी यातलं स्वयंपाकघर लावून दिलं होतं. त्यांनी आधी गॅसचं बटण फिरवलं, मग टोमॅटो नाकाजवळ नेला, आणि अंडं फोडताना दुसरा हात आपसूक खाली धरला, ओट्यावर सांडू नये म्हणून. इंग्रजी सूचनांपैकी त्यांना फार काही वाचावं लागलं नाही. दहा-पंधरा मिनिटांत हात सराईत झाले. मोठ्या माणसांना आणि पोरांना दाखवायला याच्यापेक्षा चांगलं मला काही सापडलेलं नाही.

'इलेव्हन टेबल टेनिस' याच गटातला. चेंडूची फिरकी, बॅटचा कोन, टप्पा, सगळं इतकं खरं की प्रत्यक्ष टेबल टेनिस खेळणारे दोन सर्व्हिसमध्ये रुळतात. एकच धोका: डाव संपल्यावर लोक सवयीने टेबलावर हात टेकवायला जातात आणि टेबल तिथे नसतं. हे आधीच सांगून ठेवा.

क्रिकेटही आहे. हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीने 'आयबी क्रिकेट' काढलाय, मुख्यतः फलंदाजीचा. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटताना टप्पा ओळखण्याचा थरार यात मस्त मिळतो. पण कव्हर ड्राइव्हला दोन मीटर पुरत नाहीत आणि पूल मारताना तो फॅन आठवा. हा हॉलपेक्षा गच्चीवर बरा वाटेल, पण गच्चीवर दिवसा कधीच नको. त्याचं कारण शेवटी.

दुसरा आठवडा: बसून, सावकाश

आता टेलिपोर्टचे आणि बसून खेळायचे गेम. 'मॉस' हा २०१८चा गेम मला मनापासून आवडतो. तुम्ही खुर्चीवर बसता, समोर जंगलाचा एक छोटासा देखावा उघडतो आणि त्यात क्विल नावाची उंदरीण असते. तुम्ही तिला चालवता आणि स्वतःच्या हाताने अडथळे सरकवता. ती वर तुमच्याकडे बघते, हातांच्या खुणांनी बोलते. पुढे झुकून भिंतीमागे डोकावता येतं. जग जागेवर स्थिर असल्याने मळमळ जवळपास नाहीच. लवकर संपतो ही तक्रार आहे, पण दुसरा भाग आलेला आहे.

'द रूम व्हीआर: अ डार्क मॅटर' हा कोड्यांचा गेम, १९०८च्या लंडनमध्ये घडणारा. पितळी खटके, चोरकप्पे, किल्ल्या, आणि सगळं हातात घेऊन फिरवायचं. हा खरं तर घरच्यांनी मिळून खेळावा. हेडसेटमधलं चित्र टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवता येतं. एकाने घालायचा आणि बाकीच्यांनी सोफ्यावरून सांगायचं. आमच्याकडे हेडसेट एकाच्या डोक्यावर असतो, पण कोडं सोडवते आई.

'वॉकअबाउट मिनी गोल्फ'बद्दल मी आधी उदासीन होते. गोल्फमध्ये मला रस नव्हता. आता पुण्यात, बंगळुरात गेलेल्या मैत्रिणींना भेटण्याची ती माझी सगळ्यात आवडती जागा आहे. प्रत्येक मैदानाला अठरा होल, त्याची सोपी आणि अवघड अशी दोन रूपं, लपवलेले चेंडू शोधायचे, आणि चेंडूपाशी टेलिपोर्टने जायचं. चेंडू अगदी खऱ्यासारखा घरंगळतो. एका हाताने, हळू आवाजात गप्पा मारत खेळता येतो. फोनवर ज्या गप्पा दहा मिनिटांत आटोपतात त्या इथे रंगतात. मला एकच गेम ठेवायचा झाला तर मी हा ठेवेन.

इथेच 'पिस्टल व्हिप' करून बघा. त्यात तुम्ही गाण्याच्या तालावर पुढे पुढे नेले जाता, तरी बहुतेकांना त्रास होत नाही, कारण वेग एकसारखा राहतो. कानाला बदल जाणवतो, एकसारखा वेग जाणवत नाही. तुमचं शरीर पुढच्या पायरीला तयार आहे का, हे यातून कळतं.

त्यानंतर: चालायचे, पळायचे गेम

काडीने चालायचा पहिला गेम लावताना सेटिंगमध्ये दोन गोष्टी करा. वळणं सलग न ठेवता टप्प्याटप्प्याने ठेवा, म्हणजे एका झटक्यात तीस-पंचेचाळीस अंश. आणि चालताना कडा काळवंडण्याची सोय असेल तर ती पूर्ण वाढवा. सरकणारं दृश्य कडेच्या नजरेतून जास्त त्रास देतं, ते झाकलं की पोट शांत राहतं. सवय झाली की हळूहळू कमी करा.

'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' इथे खेळायचा. २०२०मध्ये आलेला हा गेम आजही बाकीच्यांना मोजण्याची पट्टी आहे, असं मी ठामपणे म्हणेन. यात टेलिपोर्टही आहे, म्हणून तिसऱ्या प्रकारात उतरायला तो चांगला. हातमोज्याने दूरची वस्तू खेचून झेलायची, काचेवर मार्करने खरोखर लिहायचं, आणि जेफ नावाच्या आंधळ्या प्राण्यापासून वाचायला आवाज न करता दरवाजे उघडायचे. त्या प्रसंगात मी खोलीतल्या खोलीत श्वास रोखून उभी होते. तो हेडसेटवर एकटा चालत नाही, पीसी लागतो: निदान जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि १२ जीबी रॅम. पीसीला राउटर वायरने जोडा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झ वायफायवर ठेवा, मग केबलशिवाय नीट चालतो. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि हा खेळही थांबतो. हेडसेटमध्येच उतरवलेले बहुतेक गेम मात्र लाइट नसतानाही बॅटरीवर सुमारे दोन तास चालतात.

'रेझिडेंट ईव्हल ४' क्वेस्टवर उत्तम उतरलाय, पण तो चालण्याचा आणि भीतीचा. हृदयाचा त्रास असलेल्यांना, लहान मुलांना नको.

मुलं आणि पाहुणे

मेटाची किमान वयोमर्यादा १० वर्षं आहे आणि १० ते १२ वर्षांच्या मुलांचं खातं पालकांच्या ताब्यात असतं. सोनीची मर्यादा १२. 'गोरिला टॅग' पोरांना प्रचंड आवडतो, हाताने जमीन ढकलत पळायचं, आणि फुकट आहे. व्यायाम छान होतो, मात्र त्यात अनोळखी लोकांचे आवाज थेट कानात येतात. माइक बंद करून द्या, किंवा चित्र टीव्हीवर ठेवून शेजारी बसा.

पाहुणे आले की 'रिचीज प्लँक एक्सपिरियन्स' दाखवण्याचा मोह होतो: उंच इमारतीवरून बाहेर आलेल्या फळीवर चालायचं. माझा याला विरोध आहे. लोक खरोखर कोलमडतात, कोणी भीतीने उडी मारतं, आणि ज्येष्ठांना तर हा कधीच दाखवू नये. त्यांना बीट सेबरचं एक गाणं द्या, खांद्याजवळ उभे राहा आणि हातात हात न घालता तोंडाने सांगत राहा. डोळे झाकलेल्या माणसाला अचानक स्पर्श झाला की तो दचकतो.

पैसे आणि निगा

मेटा आणि स्टीम (पीसीवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान), दोन्हीकडे घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. म्हणून नवा गेम घेतल्या घेतल्या वीस मिनिटं तरी खेळून बघा. सोसला नाही तर लगेच परत करा.

चेहऱ्याला टेकणारी गादी आपल्या उन्हाळ्यात घामाने भिजते. ती पुसायला सोलापुरी टेरी नॅपकिन झकास, पण भिंगांना तो लावू नका. भिंगांसाठी चष्म्याचं मऊ कोरडं फडकं, स्पिरिट नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी खेळू नका, हेडसेट तापून स्वतःच बंद पडतो. पहाटे किंवा रात्री दहानंतर खेळा. बंद गाडीत तो ठेवू नका.

आणि गच्चीचं कारण. ही भिंगं ऊन एका बिंदूवर गोळा करतात, थोडा वेळ जरी किरणं आत शिरली तरी स्क्रीनवर कायमचा डाग पडतो आणि तो दुरुस्त होत नाही. खिडकीजवळच्या टेबलावरही तेच होतं, सकाळी सावली असलेल्या जागी दुपारी ऊन येतं. खेळ झाला की भिंगांवर झाकण किंवा जाड कापड टाका आणि हेडसेट पेटीत ठेवा.